जिंजरब्रेडच्या उगमाकडे, दादरमार्गे

लालबागहून माझगावला चालत जायला पाऊण तास लागतो, वाटेत दोन ओळखीचे भेटले तर तासभर. मला एकोणीस वर्षं लागली. त्यातले शेवटचे तीन दिवस मी खरोखर प्रवास केला, म्हणून हे प्रवासवर्णन. उरलेला काळ मी घरीच होतो.

बाहेरदेशी जाऊन आलेले लोक लिहितात तेव्हा सुरुवातीला व्हिसाची रांग असते, मग विमानातलं जेवण, मग हरवलेली बॅग. माझी बॅग हरवली नाही, कारण नेलीच नव्हती. सामान एकच: शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद.

गुरुवार : लालबाग

माझं लालबागमध्ये मसाल्याचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत डंक आहेत. डंक म्हणजे लोखंडी मुसळांची रांग. मोटार सुरू केली की ती एकामागून एक उखळीत आपटतात आणि गल्लीभर शिंका सुरू होतात. उन्हाळ्यात बायका वर्षाचा मसाला कांडायला येतात. हातात चिठ्ठी असते: मिरच्या इतक्या, धणे इतके, दगडफूल इतकं. आम्ही चिठ्ठीप्रमाणे वजन करून देतो. बाई उखळीसमोर स्टूल टाकून बसते आणि शेवटची चिमूट डब्यात जाईपर्यंत हलत नाही. लग्नाच्या नवऱ्यावरही तिने कधी एवढी नजर ठेवलेली नसते.

वडिलांनी मला धंद्याचा एकच नियम शिकवला. चिठ्ठी गिऱ्हाइकाची. वाचायची, वजन करायचं, विसरायचं, आणि डब्यावर ठेवून परत द्यायची. "आपण डॉक्टरसारखे," ते म्हणायचे. "कोणाच्या पोटात काय आहे ते आपल्याला ठाऊक. बोलायचं नाही."

माझ्या खिशातला कागद ही अशीच एक चिठ्ठी. ती माझगावच्या फिलोमिना आंटींची.

आंटी दर नोव्हेंबरात, मी दुकान उघडायच्या आधीच फळीवर येऊन बसलेल्या असायच्या, कारण त्यांना मिरचीच्या आधी नंबर हवा असे. त्यांचा मसाला गोडाचा. नाताळात त्या जिंजरब्रेड करत. "विलास, आधी तांदूळ कांडून उखळ साफ कर," त्या दरवर्षी सांगायच्या. "मागच्या टायमाला बाळ येशूच्या बर्थडेला अर्धी गल्ली शिंकत होती." ज्यांनी जिंजरब्रेड खाल्लेला नाही (लालबागमध्ये असे पुष्कळ आहेत आणि ते सुखात आहेत) त्यांच्यासाठी: सुंठ, दालचिनी, लवंग असला मसाला आणि काकवी घालून केलेला तपकिरी केक, नाहीतर कडक बिस्किट. ब्रेडशी नातं एवढंच की दोघेही भट्टीतून येतात.

आता जे एकोणीस वर्षं कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. एका नोव्हेंबरात आंटींचा मसाला उखळीत होता आणि आंटी समोर नव्हत्या. "बघ जरा," म्हणून त्या पलीकडे गूळ आणायला गेल्या होत्या. माझ्या भरवशावर उखळ सोडून जाणारी ती एकच बाई. तेवढ्यात शैलाताई आल्या. शैलाताई दादरच्या, फराळाचे क्लास घ्यायच्या. त्यांनी विचारलं की नाताळच्या केकला मसाला काय घालतात, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे. तुम्हा लालबागकरांना केकमधलं काय कळणार. तुमचं आपलं कोंबडी-वडे."

मी त्यांना आंटींची चिठ्ठी वाचून दाखवली. वजनासकट. दोनदा, कारण पहिल्या वेळी त्यांच्याकडे पेन नव्हतं.

पैसे घेतले असते तर निदान धंदा म्हणता आला असता. मला फक्त एवढंच ऐकायचं होतं: "अहो, तुम्ही तर जाणकार निघालात." ते त्या म्हणाल्याही.

आंटी गूळ घेऊन आल्या तेव्हा चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि ती काढायला हात धजेना. "उडाली वाटतं आंटी, उखळीत गेली असेल." त्या म्हणाल्या, "असू दे, पाठ आहे." त्याच नाताळात दादरला शैलाताईंच्या केक-मसाल्याची पाकिटं विकायला आली. पुढच्या नोव्हेंबरात फळीवर कोणी नव्हतं. मीही माझगावला गेलो नाही. आंटींचे यजमान, जो अंकल, वारले तेव्हासुद्धा नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नव्हता.

आणि या डिसेंबरात शैलाताईंचा फोन. "विलासराव, यंदा आमच्या हॉलमध्ये जिंजरब्रेडचा महोत्सव. रविवारी तुम्ही बोलायचं. विषय, उगम. वीस मिनिटं. मसाल्यातला माणूस बोलला की वजन येतं."

नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. मी हो म्हणालो आणि अभ्यासाला निघालो.

"खंय चल्लात?" बायकोने, मंदाने, विचारलं. सांगितलं. "मग माझगावाक जावा," ती म्हणाली. "आंटीपेक्षा जास्त कोणाक ठावूक आसा?" तिला चिठ्ठीचं काही माहीत नव्हतं. ती सरळ वाट सांगत होती. मी बस धरली ती उलट्या दिशेची.

गुरुवार दुपार : दादर

दादर परका मुलुख आहे. बसने गेलो तरी लालबागकराला तिथे पोचल्यावर शर्ट नीट खोचावासा वाटतो. आमच्याकडे पाहुणा आला की चहा येतो. दादरला "चहा घेणार का?" असं विचारतात, आणि विचारणाऱ्याचा चेहरा असा असतो की आपण "आत्ताच झाला" म्हणून त्याला मोकळं करावं. मी मोकळं केलं.

हॉलमध्ये भिंतीला इतिहासाचे तक्ते लावले होते. कोणी एक आर्मेनियाचा साधू फ्रान्सात जाऊन राहिला आणि त्याने तिथल्या पाद्र्यांना मसाल्याचा केक शिकवला, अशी आख्यायिका. इंग्लंडची एक राणी पाहुण्यांच्या चेहरेपट्टीची बिस्किटं करवून ती त्यांनाच खायला घाली. आपण पाहुणा गेल्यावर त्याला खातो, रीत वेगळी. जर्मनीत जत्रेत बदामाच्या आकाराचे हे केक गळ्यात अडकवतात, त्यावर साखरेने प्रेमाचा मजकूर. आणि जर्मनीतल्याच एका शहरात भट्टीवाल्यांचा संघ होता. संघाबाहेरच्याने हा केक करायचा नाही आणि संघातल्याने कृती बाहेर फोडायची नाही. फोडणाऱ्याचं काय करत, ते तक्त्यावर नव्हतं. मी तो तक्ता तीनदा वाचला.

टेबलांवर जिंजरब्रेडची घरं. एका जर्मन परीकथेत जंगलात खाऊचं घर असतं, म्हणून तिकडे नाताळात अशी घरं बांधायची रीत पडली. दादरच्या बायकांनी बंगले बांधले होते. छपरांवर पिठीसाखरेचं बर्फ. मुंबईच्या हवेत ते बर्फ घाम फुटल्यासारखं ओघळत होतं आणि चार टेबलफॅन त्याला वारा घालत होते. सायली नावाच्या एका मुलीने मात्र चाळ केली होती. तीन मजले, गॅलरी, गॅलरीत साखरेच्या दोरीवर वाळत घातलेले, साखरेच्याच लगद्याचे टॉवेल. सगळ्या हॉलमध्ये ओळखीचं घर तेवढंच. कौतुकाने वाकून बघायला गेलो आणि माझं कोपर लागलं.

आधी तिसरा मजला दुसऱ्यावर आला, मग दोन्ही खाली. बिल्डरशिवाय पडलेली मुंबईतली ही पहिलीच चाळ असावी. सायली पाठमोरी होती. तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. शैलाताई धावत आल्या. "तरी सांगत होते. दमट हवा. आयसिंग धरतच नाही."

"हो," मी म्हणालो. "दमट आहे खरी."

इतकं सोपं असतं ते. वाचकांनी एकदा करून बघावं, मग सवय होते.

दाराशी विक्रीचं टेबल होतं. तपकिरी पाकीट, त्यावर नऊवारीतल्या बाईचं चित्र आणि खाली मजकूर: "आमच्या आजेसासूबाईंच्या वहीतून. चार पिढ्यांचा आले-केक मसाला." शैलाताईंनी एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. "वास घ्या, विलासराव. आजेसासूबाईंच्या हाताला काय गुण होता."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. एवढ्या वर्षांत त्यांना ती वही दिसायला लागली होती, बहुधा पानांवरच्या तेलाच्या डागांसकट. मला त्यांचा हेवा वाटला. मी चोरीचा माल देऊन इतकी वर्षं झोप घालवली, आणि माल घेणाऱ्याला त्यात पूर्वज मिळाले.

शुक्रवार : गिरगाव

व्याख्यानाला आधार हवा म्हणून शैलाताईंनी गिरगावातल्या एका सरांचा पत्ता दिला होता. सर निवृत्त, संस्कृतचे. घर दुसऱ्या मजल्यावर, पुस्तकं दारापर्यंत आलेली. मी चपला काढून कुठे ठेवाव्या या विचारात असतानाच त्यांनी सुरुवात केली.

"आलं कुठलं? आपलं. शब्द कुठला? शृंगवेर. शिंगासारखं अंग असलेलं. इथून तो शब्द जहाजात बसला, ग्रीकांकडे गेला, रोमनांकडे गेला, शेवटी इंग्रजाच्या तोंडात पडून जिंजर झाला. आणि ऐका, तो मुळात ब्रेड नव्हताच. साखरेत मुरवलेल्या आल्याला त्यांच्याकडे जिंजरब्रेडसारखंच काहीसं नाव होतं. म्हणजे काय?"

"आलेपाक," मी म्हणालो.

"लिहून घ्या. आलेपाक. संपला विषय."

पुढचा तासभर विषय संपत होता. पिझ्झा हे थालीपीठ, नूडल्स म्हणजे शेवया, केक म्हणजे सांदण. जगात लोकांनी स्वतःहून काही केलं असेल असा सरांचा आरोपच नव्हता. मी विचारलं, "सर, तुम्ही जिंजरब्रेड खाल्लाय?"

"छे. मला शुगर आहे."

आतून त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मागच्या नाताळात डब्यातले सहा तुकडे कोणी संपवले?"

"तो आलेपाक होता," सर म्हणाले.

मी हसलो, पण फार वेळ नाही. आल्याचं आणि आलेपाकाचं सर सांगत होते ते बहुतेक खरं असावं. खटकलं दुसरं काही. सगळं आपल्याकडून गेलं हे सांगताना त्यांचा आवाज जसा फुलला होता, तसाच माझा फुलला होता त्या दिवशी शैलाताईंपुढे चिठ्ठी वाचताना. दुसऱ्याच्या घरची गोष्ट आपली म्हणून सांगितली की छाती दोन इंच वाढते. देश असो की दुकानदार.

निघताना सर म्हणाले, "रविवारी ठणकावून सांगा. उगम आपला." जिन्यात कळलं की पायात डावी चप्पल माझी आहे आणि उजवी सरांची. परत वर गेलो. एवढी तरी वस्तू ज्याची त्याला दिली.

शनिवार : माझगाव

शनिवारी दुसरी दिशाच उरली नाही. टेकडीखालच्या गल्लीत शिरलो. कोपऱ्यावरच्या क्रुसाला झेंडूचा हार होता, आमच्याकडच्या कुठल्याही देवाला असावा तसा. बहुतेक दारांवर कागदी चांदण्या टांगलेल्या. आंटींच्या दारावरची मी ओळखली. तो आमच्या गल्लीतून दिवाळीला नेलेला आकाशकंदील होता, जुन्या सांगाड्यावर नवा कागद. लाकडी जिना, पंचवीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. पूर्वी मी या पायऱ्या जो अंकलसाठी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुडी घेऊन धावत चढायचो. आता अठराव्या पायरीवर थांबलो. दम लागला होता, आणि परत उतरायला सतरा-अठराच लागतील असाही हिशेब मनात चालला होता.

दार उघडं होतं. आंटी टेबलाशी बसून कलकल वळत होत्या. गोड पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, शिंपल्यासारखी झाली की तळायची. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"कोण, विलास? जाडा झालास रे."

"हो आंटी."

"हात धुऊन ये."

मी हात धुऊन आलो. त्यांनी पिठाचा गोळा आणि एक काटा माझ्यापुढे सरकवला. "वळ. हळू दाब, हा तुझा डंक नाही."

"आंटी, मला एक सांगायचंय."

"हात चालू ठेवून सांग. तळायला शेजारीण येणार आहे चारला."

मी खिशातला कागद काढून पिठाच्या परातीजवळ ठेवला. त्यांनी हात पुसले, घड्या उलगडल्या आणि कागद उजेडाकडे धरला.

"माझंच अक्षर. बघ, किती सरळ लिहायची तेव्हा." मग म्हणाल्या, "ही उखळीत गेली होती ना?"

"नाही."

"मग?"

मी सांगितलं. शैलाताई, कोंबडी-वडे, दोनदा वाचून दाखवलेलं, पेन, सगळं. सांगताना काटा चालू होता. माझी कलकलं आळ्यांसारखी होत होती.

"मला माहीत आहे," आंटी म्हणाल्या.

"काय?"

"त्याच वर्षी चर्चच्या फनफेअरला कोणीतरी ते पाकीट घेऊन आलं. म्हणे, फिलोमिना, सेम टु सेम तुझ्यासारखं. मी उघडून वास घेतला. जायफळ एवढं दुसरं कोणी घालत नाही. म्हटलं, हा विलास."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"तू आलास ऐकायला?"

मी पुढची गोळी घेतली.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "त्या बाईचा केक कसा लागतो?"

"चांगला."

"विलास."

"तुमच्यासारखा नाही. काहीतरी कमी लागतं."

आंटी हसल्या. आवाज नाही, नुसते खांदे. "लागणारच. एक वस्तू मी चिठ्ठीत लिहितच नाही. घरी आणल्यावर घालते. गिरणीवाल्याला पुरतं कोण सांगतं, बाबा? तुझ्या लालबागच्या बायका काय सगळं लिहितात वाटतं?"

एकोणीस वर्षं मी ज्या चोरीचं ओझं वाहिलं, ती चोरी धड झालेलीही नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की, म्हणजे उखळ माझ्या भरवशावर सोडून जाणाऱ्या बाईनेही थोडं राखूनच ठेवलं होतं, आणि ते किती शहाणपणाचं होतं हे मी त्याच दिवशी सिद्ध करून दिलं.

"हसू नको," आंटी म्हणाल्या. मी हसत नव्हतो. "मसाल्याचं सोड. माझ्या सासूनेपण चोरलेलाच. ती इथल्या एका मेमसाहेबकडे आया होती. मेमसाहेब केक करताना किचनचं दार लावून घ्यायची. सासू बाहेरून वासावर ओळखायची, आता लवंग, आता दालचिनी. तीन नाताळ लागले तिला. पण ती नाव घ्यायची. दर वर्षी केक कापला की पहिला तुकडा बाजूला. कोणी विचारलं तर सांगायची, हा मेमसाहेबचा, तिच्याकडून घेतला. मीपण ठेवते. मेमसाहेबचा एक, सासूचा एक. त्या बाईच्या पाकिटावर कोणाचं नाव आहे?"

"तिच्या आजेसासूचं."

"होती का आजेसासू?"

"असेल. केक करत नसावी."

त्यांनी माझ्यापुढची कलकलं बोटाने चाळली, चार-पाच मोडून परत गोळा केली. "ते एक झालं. दुसरं. तुझा जो अंकल गेला तेव्हा कुठे होतास?"

"ताप..."

त्यांनी हातातला काटा खाली ठेवला.

"दुकानात होतो," मी म्हणालो. "दुकान उघडं होतं."

"त्याला शेवटी जेवण जात नव्हतं. म्हणायचा, विलासला सांग, सोडे आण. मी म्हणायची, तो बिझी आहे, सीझन आहे. सप्टेंबर होता. सप्टेंबरात कसला सीझन? पण त्याला काय सांगणार, की तो लाजून बसलाय? मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले मी, तुझ्यासाठी."

जगभरच्या प्रवाशांनी धबधब्यापुढे आणि मंदिरांपुढे शब्द अपुरे पडल्याचं लिहून ठेवलंय. मला ते पिठाच्या परातीपुढे पडले. साडेतीनपर्यंत वळत राहिलो. शेवटची शिंपल्यासारखी जमली.

उठताना विचारलं, "उद्या तिथे बोलायचंय मला. उगमावर. तुम्ही येता?"

"वेडा आहेस? पंचवीस पायऱ्या उतरून दादरला केक खायला?" चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती साखरेच्या डब्याखाली ठेवली. "नाव घे तिकडे. बस."

मी दाराशी रेंगाळलो. "आंटी, ती राहिलेली वस्तू कुठली?"

"शेजारीण येईल आता," आंटी म्हणाल्या. "दार ओढून घे."

शनिवार संध्याकाळ : घरी

मंदाला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं. अंकलचं ऐकून तिने देठं बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं इथे लिहीत नाही.

विषय बदलावा म्हणून म्हणालो, "म्हणे, गिरणीवाल्याला कोणी पुरतं सांगत नाही. एक वस्तू घरी घालतात."

"घालतंतच," मंदा म्हणाली.

"तू कुठे घालतेस? तुझा मसाला तर मीच कांडतो."

ती देठं गोळा करून उठली. "माका काय येडी समजलात?"

तीस वर्षं मी ज्या मालवणी मसाल्याची तारीफ दुकानात बसून करतोय, त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही. विचारलं. सांगितलं नाही.

रविवार : पुन्हा दादर

हॉल भरला होता. गिरगावचे सर पहिल्या रांगेत. शैलाताईंनी माझी ओळख "मसाल्यांचे जाणकार" अशी करून दिली. नेमका तोच शब्द. मी माईकपुढे उभा राहिलो तेव्हा समोर शैलाताईंनी केलेला जिंजरब्रेड होता, कापायला ठेवलेला.

आर्मेनियाचा साधू सांगितला, जर्मनीतला संघ सांगितला, सरांकडे बघून शृंगवेरही सांगितलं. सरांनी मान डोलावली. मग सुरी घेतली, पहिला तुकडा कापला आणि वेगळ्या बशीत ठेवला.

"हा माझगावच्या फिलोमिना आंटींचा," मी म्हणालो. "या केकचा मसाला त्यांचा आहे. दादरला तो आजेसासूच्या वहीतून आलेला नाही, माझ्या तोंडून आलाय. त्यांची चिठ्ठी मी त्यांच्यामागे वाचून दाखवली. त्यांना तो सासूकडून आला, सासूला एका मेमसाहेबकडून. त्यापुढचा उगम मला माहीत नाही."

शैलाताई विंगेतून म्हणाल्या, "विलासराव विनोदी आहेत." कोणीतरी हसलं, मग हसायचं की नाही हे न कळून थांबलं.

थांबलोच आहोत तर म्हणून मी पुढे म्हणालो, "आणि गुरुवारी ती चाळ दमट हवेने पडली नाही. माझं कोपर लागलं."

"मला वाटलंच," तिसऱ्या रांगेतून सायली म्हणाली. यावर मात्र हॉल खळखळून हसला. चिठ्ठीच्या चोरीचं ऐकून शांत बसलेले लोक साखरेच्या गॅलरीवर मोकळे झाले.

मी शेवटी सांगितलं की या मसाल्यात एक वस्तू कमी आहे, चिठ्ठीत ती कधी नव्हतीच, म्हणून दादरचा केक तसा लागत नाही. लगेच चार हात वर. कोणाला चोरीचं काही विचारायचं नव्हतं, आंटी कुठे राहतात तेही नाही.

"ती वस्तू कुठली?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

सरांनी ओरडून सांगितलं, "जावित्री असणार." मागून कोणी म्हणालं, बडीशेप. कोणी म्हणालं, संत्र्याची साल. कार्यक्रम संपला तेव्हा हॉलमध्ये सतरा मतं होती आणि बशीतला पहिला तुकडा कोणीतरी खाऊन टाकला होता.

मंगळवार : लालबाग

सकाळी शैलाताईंचा फोन आला. मला वाटलं आता ऐकावं लागणार, आणि ऐकायची तयारी होती. त्या म्हणाल्या, "विलासराव, परवा तुमचं ते फार टची झालं. लोक विचारतायत. नव्या पाकिटावर 'माझगावच्या ख्रिस्ती घराण्याची परंपरा' असं टाकू या का? आणि त्या बाईंचा एखादा जुना फोटो मिळेल?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणालो आणि पत्ता दिला. "पंचवीस पायऱ्या आहेत. कठडा एकाच बाजूला. आणि जाताना सोडे घेऊन जा."

"सोडे कशाला?"

"उशीर झाला तर उपयोग होत नाही," मी म्हणालो. त्यांना कळलं नाही. त्या सोडे नेणार नाहीत.

दुपारी आंटींची शेजारीण दुकानात आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत तांदूळ आणि वर एक चिठ्ठी. अक्षर आता सरळ नाही, ओळी उजवीकडे उतरत जातात. सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ, वेलची, मिरी. वजनं तीच. खाली एक ओळ: आधी तांदूळ कांड.

"थांबायला सांगितलंय," शेजारीण म्हणाली. "स्टूल द्या."

मी स्टूल दिलं. ती उखळीसमोर बसली आणि माझ्या हातांवरून तिने नजर हलवली नाही. आधी तांदूळ कांडले, उखळ पुसली, मग सहाही वस्तू घातल्या. डबा भरल्यावर चिठ्ठीची घडी केली, झाकणावर ठेवली आणि दोऱ्याने दोन वेढे घेऊन गाठ मारली. शेजारणीने गाठ ओढून बघितली, आणि मग स्टुलावरून उठली.